नायट्रोजन चक्राची आकृती सगळ्यांना येते, घरच्या पोत्यातला युरिया कुठे जातो ते कुणालाच सांगता येत नाही

तापीकाठ
मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्वावर, म्हणजे पगाराचं विचारू नका. यंदा एमएस्सीच्या पहिल्या वर्षाचा जैवभूरसायनाचा पेपर माझ्या गळ्यात पडलाय. कार्बन, नत्र (म्हणजेच नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), गंधक ही मूलद्रव्यं खडक, माती, पाणी, हवा आणि जीव यांच्यातून कशी फिरतात, त्याचा हा विषय.

परवा तोंडी परीक्षा घेत होतो. एका पोरानं फळ्यावर नायट्रोजन चक्राची अशी देखणी आकृती काढली की मीच बघत राहिलो. ढग, वीज, बाण, बॅक्टेरिया, एक गाय. मी विचारलं, "घरी शेती आहे?" म्हणे, "आहे सर, सहा एकर. कपाशी आन मका." "मक्याला युरिया किती?" "एकरी तीन पोती." "मग त्यातलं नत्र जातं कुठे?"

पोरगं माझ्याकडे बघतंय, आकृतीकडे बघतंय, परत माझ्याकडे. शेवटी म्हणाला, "सर, हे सिलॅबसमध्ये आहे का?"

अंतर्गत परीक्षेचे २० मार्क माझ्या हातात आहेत. 'नायट्रोजन चक्राची आकृती काढून स्पष्टीकरण द्या' हा प्रश्न काढून टाकून 'तुमच्या घरच्या युरियाच्या एका पोत्याचा प्रवास लिहा' असं विचारू का? आणि उत्तर मराठीत लिहू देऊ का? शिकवणारे, शिकणारे, शेती करणारे, सगळ्यांनी बोला.

शेवभाजी_डबलतिखट
आधी सांगा, आकृतीतली गाय कुठल्या जातीची होती?

तापीकाठ
काळीपांढरी, परदेशी. मागे लाल कौलांचं कोठारसुद्धा होतं. पुस्तकात जशी आहे तशीच.

शेवभाजी_डबलतिखट
मग बरोबर. तिच्या मालकाला जाऊन विचारा युरिया कुठे जातो ते.

बरणीतला_केमिस्ट
सर, जरूर विचारा. पण विचारण्याआधी दाखवा. मी धुळ्याकडे बीएस्सीच्या पोरांना दाखवतो ते सांगतो. खर्च शून्य.

लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्यायची. तळाला चार बोटं काळी माती, पाण्यानं ओलसर केलेली. वर दोन चमचे युरिया. मग हळद पाण्यात कालवून कागदाला फासायची आणि तो ओला कागद झाकणाला आतून चिकटवायचा. झाकण लावून ठेवून द्यायचं. दुसरी बरणी तशीच, पण युरियाविना. एकदोन दिवसांत पहिल्या बरणीतला पिवळा कागद लालसर तांबडा होतो, दुसरीतला पिवळाच राहतो. पोरी लगेच म्हणतात, "सर, कुंकू झालं!" बरोबरच आहे. हळदीत चुना घालून कुंकू करतात तेच हे, फक्त इथे चुन्याचं काम अमोनियानं केलं. झाकण उघडलं की वास येतोच.

आता यातून शिकवायचं केवढं! युरिया म्हणजे ४६ टक्के नत्र. हल्ली पोतं ४५ किलोचं, म्हणजे पोत्यात साधारण पावणेएकवीस किलो नत्र. मातीतल्या जिवाणूंचं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचा अमोनिया करतं. आपली माती चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या वर. वर ऊन, खाली ओल, आणि युरिया नुसता फेकलेला. मग अमोनिया हवेत जाणार नाही तर काय करणार? जो मातीत टिकतो त्याचं जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार आणि चिकणमातीच्या कणांवरही ऋण भार. माती त्याला धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर ते खाली विहिरीकडे निघतं. आणि वावरात पाणी तुंबून हवा कोंडली की दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून परत हवेत सोडतात. थोडा नायट्रस ऑक्साइडही होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो.

पिकाच्या पोटात बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपासच जातं. बापानं पाठीवर वाहून आणलेलं पोतं, त्यातलं अर्धं असं भलतीकडे. हे एकदा पोराला कळलं की आकृतीतला एकेक बाण आपोआप पाठ होतो.

सेटनेट_वारकरी
सर, राग मानू नका, पण मी विरोधात लिहितोय.

मी स्वतः पाच वेळा नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, दिली, पाचव्यांदा निघाली. तिथे 'तुमच्या बापाच्या पोत्याचा प्रवास' कुणी विचारत नाही. तिथे चार पर्याय असतात आणि तीन तास. रेडफिल्डचं गुणोत्तर, म्हणजे समुद्री प्लवकांतलं कार्बन, नत्र, स्फुरदाचं प्रमाण, काय? १०६:१६:१. संपलं. हवाईतल्या मौना लोआवर कीलिंगनं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी कधी सुरू केली? १९५८. पुढचा प्रश्न. आपली पोरं आधीच इंग्रजीला बिचकतात. नायट्रेटचा परत वायू होतो, त्याला मराठीत 'विनत्रीकरण' शिकवून पाठवलं आणि मुलाखतीत 'डिनायट्रिफिकेशन' विचारलं, तर ती गप्प बसतात. माझ्यासोबत झालंय म्हणून सांगतोय. समोरच्या पॅनेलला वाटलं मला येतच नाही, आणि मला वाटलं ते काहीतरी नवीनच विचारतायत.

जिव्हाळा ठीक आहे, पण पोराला नोकरी लागली पाहिजे.

बरणीतला_केमिस्ट
@सेटनेट_वारकरी, ५८ साली मोजणी सुरू झाली हे पाठ केलंत. तेव्हा दहा लाख भाग हवेत ३१५ भागांच्या आसपास असलेला आकडा आता ४२० च्या पुढे गेलाय, आणि दर वर्षी तो वरखाली का होतो, हे किती जणांना सांगता येतं? उत्तर गोलार्धात पालवी फुटली की कमी, पानं गळली की जास्त. आपल्या सातपुड्यातला साग हेच करतो. फेब्रुवारीत यावल अभयारण्यात जाऊन बघा.

शब्दांचं मात्र मान्य. इंग्रजी शब्द दिलेच पाहिजेत. पण दोन्ही द्या ना!

पुण्यात_अडकलेला
'विनत्रीकरण' वाचून मला माझा मुंजीतला मंत्र आठवला. तोही असाच पाठ होता.

गिरणाई
नत्र-स्फुरद-पालाश हे शब्द मुळात शेतकऱ्याच्या तोंडातले आहेत. बियाण्याच्या दुकानात बसलेल्या माणसाला विचारा, खताच्या पोत्यावरचं १०:२६:२६ म्हणजे या तिघांचे टक्के, ते खडाखडा सांगेल. माझा अनुभव असा आहे, की पोराला 'पालाश' म्हटलं तर कळतं, 'पोटॅश' म्हटलं तर जास्त कळतं आणि 'पोटॅशियम' म्हटलं की परीक्षा आठवते.

'जैवभूरसायनशास्त्र' एवढा शब्द मात्र बदला कुणीतरी. हजेरी घेऊन हा शब्द फळ्यावर लिहीपर्यंत तासाची बेल होते.

पांझरेचा_म्हातारा
तापीकाठ, तुमचा प्रश्न जुनाच आहे. आमच्या वेळी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १९९० ला आपलं विद्यापीठ वेगळं झालं. तेव्हा आम्हाला वाटलं, आता अभ्यासक्रमात तापी, गिरणा, पांझरा येतील. नाव आलं, इमारती आल्या, पुस्तकातली नदी मात्र बरीच वर्षं टेम्सच राहिली.

टेम्सवरून आठवलं. पाण्यातली जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ती तुमची बीओडी, पाच दिवस वीस अंशावर का मोजायची, असं एका पोरीनं मला विचारलं होतं. मी पंधरा वर्षं शिकवत होतो, पण मला कधी पडलाच नव्हता तो प्रश्न. शोधलं तेव्हा कळलं, की ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश सांडपाणी आयोगाकडून आलेली. असं सांगतात, की तिकडच्या नद्यांचं पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतं, म्हणून पाच दिवस. आणि पाणी तिकडचं, थंड. आता तापी ७२४ किलोमीटर, मुलताईहून निघालेली, वाटेत हतनूर आणि उकाई अडवून बसलेले. तिला पाच दिवसांचा काय हिशेब! नंतर आपल्याकडे २७ अंशावर तीन दिवसांची पद्धत प्रमाण झाली, ती शहाणपणाची.

विहिरींचं म्हणाल तर केमिस्टसाहेबांचं खरं आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं भारतीय मानक सांगतं. निवृत्त झाल्यावर मी गावातल्या विहिरींचं पाणी हौसेनं तपासून आणलं. एकीचा आकडा बराच वर निघाला. मालक म्हणाला, "मास्तर, या विहिरीच्या पाण्यावर भाजी लई जोरात येते." येणारच की!

भर्तात_मिरची
भुसावळला मे महिन्यात २७ अंशावर बीओडी मोजायची म्हणजे इनक्युबेटर गरम करायला नाही, गार करायला पाहिजे. आमच्या प्रयोगशाळेत तो बंद पडला तेव्हा शिपाईमामांनी बाटल्या माठाशेजारी ठेवल्या होत्या.

तापीकाठ
@भर्तात_मिरची, आमच्याकडे लाइट गेली की इनक्युबेटर ४० च्या वर जातो. म्हणजे 'खान्देशी बीओडी' नावाची वेगळी पद्धत काढायला हरकत नाही.

@पांझरेचा_म्हातारा सर, फडाबद्दल लिहा ना. तुम्ही एकदा वर्गात सांगितलं होतं. (हो, मी तुमचाच विद्यार्थी. नाव नाही सांगत.)

पांझरेचा_म्हातारा
ओळखलं. शेवटच्या बाकावर बसायचात.

फड म्हणजे पांझरेवरचे जुने बंधारे आणि त्यांचे पाट. काही शतकं चाललेली पद्धत. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, कुणी मधेच स्वतःपुरता ऊस लावायचा नाही. पाणी सोडायला पाटकरी. लोक याच्याकडे फक्त पाणीवाटप म्हणून बघतात. पण पाटातून पाण्याबरोबर गाळही यायचा. डोंगराकडच्या बेसाल्टची झीज होऊन निघालेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह असं फुकटात वावरात येऊन पडायचं. आणि पीक फडाफडांत फिरतं ठेवल्यानं जमिनीला उसंत मिळायची. तुमच्या विषयाचं एक अख्खं प्रकरण धुळ्याहून तासाभराच्या अंतरावर उभं आहे. एसटीनं न्या पोरांना. पाणी सुटलेलं असेल तेव्हा न्या, नाहीतर नुसते दगड बघून परत येतील.

सहलीचा_सीआर
सहलीचा विषय निघाला म्हणून. आम्हाला सरांनी लोणारला नेलं होतं. (विदर्भात आहे, माहीत आहे, भांडू नका.) बेसाल्टमधलं उल्कापाताचं विवर, सुमारे १.८ किलोमीटर रुंद, पाण्याचा सामू दहाच्या आसपास. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं, क्षार वाढले आणि मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग चढवला. सरांनी काठावर उभं राहून पाऊण तास हे सगळं समजावलं. आमच्या वर्गाला त्या सहलीतलं आता काय आठवतं? बुलढाण्याच्या घाटात गाडी पंक्चर झाली आणि ड्रायव्हरकडे जॅक नव्हता.

रावेरी_केळीवाला
मी शेतकरी माणूस, बीए मराठी. कृषीवाल्यांच्या मीटिंगा ऐकून ऐकून थोडंफार कळतं. तुम्ही सगळे युरियालाच धरून बसलात. आमच्याकडे या. केळीला पोटॅश लागतं मरणाचं. लाल पोटॅश, पांढरा पोटॅश, ठिबकमधून सोडतो. मृगबाग असो नाहीतर कांदेबाग (लागवडीचे दोन हंगाम), निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, सुरू झाली की पोटॅश.

एकदा ट्रक भरताना माझ्या डोक्यात आलं, हे जातंय कुठे? केळ्यात पोटॅश असतं असं डॉक्टरही सांगतात. म्हणजे माझ्या वावरातलं पोटॅश घडात, घड ट्रकमध्ये, नाहीतर सावद्याहून रेल्वेच्या डब्यात, डबा दिल्लीला. दिल्लीवाला केळ खातो, साल फेकतो, बाकीचं सकाळी गटारात. म्हणजे मी विकत घेतलेलं पोटॅश यमुनेला! मी हिशेबही केला होता. पोतं ५० किलोचं, ६० टक्के, म्हणजे ३० किलो पोटॅशियम. दहा टनी ट्रकमध्ये किती जातं ते मात्र मला काढता आलं नाही. कुणी सांगता का?

तापीकाठ
दादा, हा तर धाग्याचा हिरा निघाला.

बरणीतला_केमिस्ट
@रावेरी_केळीवाला दादा, लाख बोललात. हिशेब करतो, पण आधी एक दुरुस्ती. पोत्यावर लिहिलेले ६० टक्के हे पोटॅशियम नाही. तो आकडा पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात मोजलेल्या पालाशचा असतो. खतांच्या धंद्यातली जुनी रीत. शुद्ध पोटॅशियम काढायला ०.८३ नं गुणायचं. म्हणजे ३० किलो पालाश, पण पोटॅशियम २५ किलोच.

आता ट्रक. केळाच्या गरात १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम. दहा टनांपैकी साल आणि दांडा वजा करून गर धरू साडेसहा टन. म्हणजे २३ किलोच्या आसपास. दादा, तुमचा प्रत्येक दहा टनी ट्रक नुसत्या गरातून लाल पोटॅशचं जवळपास एक पोतं घेऊन जातो! सालीत तर आणखी असतं.

आणि हे पोतं आलं कुठून? भारतात लाल पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून येतं. कॅनडाच्या सस्कॅचेवानमधलं घ्या. पस्तीस-चाळीस कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं ते मीठ, किलोमीटरभर खोल खाणीतलं. लाल रंग त्यातल्या लोहाचा. म्हणजे आटलेला समुद्र, मग जहाज, मग रावेर, मग दिल्ली, मग यमुना आणि परत समुद्र. मधला मुक्काम तेवढा तुमच्या वावरात.

रावेरी_केळीवाला
३० चे २५ झाले. दुकानदारालाही दाखवतो हे.

बाकी घड गेला तरी खांब आम्ही वावरातच कुजवतो. आधी बांधावर फेकायचो.

बरणीतला_केमिस्ट
छान करता. खांबात भरपूर पालाश असतं. बांधावर फेकणं म्हणजे पोतं बांधावर ओतणं.

पुण्यात_अडकलेला
'पोटॅश' हा शब्द मुळात भांड्यातली राख यावरून आलाय. लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी आटवून काढायचे. यावरून पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची, राख आठवली, आणि पऱ्हाट्यांवरून भरीत. बामणोदची हिरवी वांगी, शेतात पऱ्हाट्यांचा जाळ, कळण्याची भाकरी. पुण्यात वांगं गॅसवर भाजतात हो. रडू येतं.

भर्तात_मिरची
तेल किती घालतात विचारूच नका.

शेवभाजी_डबलतिखट
दोन चमचे! दोन!!

गिरणाई
भरीताचा वेगळा धागा काढा रे. पण जाता जाता, पऱ्हाट्या पूर्ण जाळल्या तर कार्बन हवेत गेला आणि हाती राख उरली. त्याच खड्ड्यात रचून, पेटल्यावर वरून माती टाकून हवा कोंडली तर कोळसा होतो आणि तो मातीत मिसळला तर कार्बन तिथेच बरीच वर्षं राहतो. मी दोन वर्षं करतेय. पहिल्या वर्षी अर्ध्याची राखच झाली, कारण सासरे मधेमधे येऊन "विझलं की काय" म्हणून उकरायचे.

बाटलीबहाद्दर
प्रयोगांचं चाललंय तर माझी कबुली. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १८८० च्या दशकात शोधलेला खेळ. पारदर्शक बाटलीत तळ्याचा गाळ, कागदाचे कपटे, अंड्याचा बलक, वर पाणी. खिडकीत ठेवली की काही आठवड्यांत आपोआप थर पडतात. तळाला काळा, तिथे ऑक्सिजन नाही आणि गंधकवाले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड करतात. त्याच्या वर जांभळट, सगळ्यात वर हिरवा. अख्खं गंधक चक्र एका बाटलीत, आकृतीची गरज नाही.

आम्ही मेहरूण तलावाचा गाळ आणला, कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घेतली. सगळं छान. फक्त झाकण मी घट्ट लावलं. महिना एप्रिलचा, खिडकी पश्चिमेची. तीन आठवड्यांनी दुपारी स्टाफरूममध्ये आवाज झाला. माणसाला काही झालं नाही. पण इतिहासाच्या मॅडमच्या तपासायच्या उत्तरपत्रिका शेजारीच होत्या. सडक्या अंड्याचा वास त्या गठ्ठ्याला असा बसला, की मॅडमनी सगळ्यांना लवकर लवकर आणि भरभरून मार्क देऊन टाकले.

सहलीचा_सीआर
इतिहासाच्या पोरांना हा प्रयोग दरवर्षी हवा असेल.

सेटनेट_वारकरी
मंडळी, मजा चाललीय, पण वस्तुस्थिती बोला. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं वकील एम. सी. मेहता यांच्या खटल्यात सांगितलं की पर्यावरण हा विषय शिकवलाच पाहिजे. पुढे सगळ्या शाखांना तो सक्तीचा झाला. त्याचं काय झालं? दुसऱ्या वर्षाची पोरं झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रोजेक्ट आणतात. आमच्या गावात एकाच तळ्यावर तीनशे प्रोजेक्ट झालेत. सगळ्यांत मासे तेवढेच, कमळं तेवढीच. तळं आटून चार वर्षं झाली तरी मासे जिवंत.

तुमचा 'पोत्याचा प्रवास'ही पुढच्या वर्षी झेरॉक्सवाल्याकडे मिळेल. वीस रुपये, स्पायरल बाइंडिंगसह.

तापीकाठ
@सेटनेट_वारकरी, हा मुद्दा लागला. म्हणूनच घरचं पोतं म्हणतोय. प्रत्येकाची माती, पीक, विहीर वेगळी. पुढच्याचं चोरून चालणार नाही.

कळणा
मी एमएस्सी भाग दोनला आहे, सरांच्या कॉलेजात नाही. दोन दिवस वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं.

सर, 'घरचं पोतं' म्हणताय, ज्यांच्याकडे वावरच नाही त्यांनी काय लिहायचं? माझी आई मजुरीला जाते. युरियाचं पोतं आमच्या घरी आलं ते रिकामंच. धुऊन त्याची खोळ करून पावसाळ्यात आई डोक्यावर घ्यायची. वर्गात 'तुमच्या किती एकर?' असं विचारलं की आम्ही चार-पाच जणी वहीत बघतो. त्यापेक्षा ती परदेशी गाय बरी, ती कुणाच्याच घरी नसते.

प्रश्न चांगला आहे. मला आवडला. पण असा विचारू नका.

पांझरेचा_म्हातारा
पोरी, चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही. किंवा सांगायची सोय मी ठेवली नसेल.

रावेरी_केळीवाला
ताई, आमच्या वावरात युरिया फेकणारे हात मजुराचेच असतात. मालकापेक्षा त्यांना जास्त माहीत, कुठे जास्त पडला ते.

तापीकाठ
@कळणा, चूक माझी. मी स्वतः दोन एकरवाल्याचा पोरगा, मलाही हे सुचायला हवं होतं. प्रश्न बदलतो. 'तुमच्या ओळखीच्या कोणत्याही एका वस्तूतल्या एका मूलद्रव्याचा प्रवास लिहा. कुठून आलं, कुठे थांबलं, कुठे गेलं, आणि कुठल्या जिवाणूनं किंवा माणसानं त्याला हलवलं.' शेणाची गोवरी चालेल, चुलीची राख चालेल, दुकानातलं मीठ चालेल.

कळणा
आता चालेल :)

शेवभाजी_डबलतिखट
शेवभाजीतल्या सोडियमचा प्रवास मी लिहितो. फार लांबचा नाही.

अहिराणी_भो
भो, बठ्ठा धागा वाची टाका. आमना वर्गमा आशे मास्तर राहते ते मी बी पास व्हई जातू.

*(मध्ये तीन आठवडे)*

तापीकाठ
धागा वर काढतोय, निकाल सांगायला.

चोवीस पोरं. मराठीत लिहायची मुभा, शास्त्रीय शब्द दोन्ही भाषांत लिहायची सक्ती (वारकरी सर, तुमच्यामुळे). चौघांनी तरीही आकृतीच काढली, गाईसकट. नऊ जणांनी युरिया. त्यातल्या दोघांनी बरणी करून हळदीचा कागदच उत्तरपत्रिकेला टाचून दिला. एकानं चुनखडीचा खडा घेतला, त्यावर आम्लाचा थेंब टाकला की फसफस का होते ते लिहिलं, आणि पुढे लिहिलं की मातीतला सेंद्रिय कर्ब (कार्बन) तपासायच्या पद्धतीत चुनखडीतला हा कर्ब धरलाच जात नाही. बरोबर आहे, आणि मी हे शिकवलेलं नव्हतं. एकानं बिनधास्त झेरॉक्सवाल्याचं तळं लिहिलं. मासे अजून जिवंत आहेत.

एक पेपर मात्र दोनदा वाचला. त्या मुलीचे वडील स्टेशनवर केळीचे डबे भरायला जातात. तिनं केळ घेतलं. वडील दिवसाला किती घड खांद्यावरून नेतात ते त्यांना विचारून लिहिलं. त्यावरून दिवसाला किती पोटॅशियम त्यांच्या खांद्यावरून जातं ते काढलं, आणि महिन्याला किती पोती होतात ते. आटलेल्या समुद्रापासून खांद्यापर्यंत सगळं. शेवटी लिहिलं होतं की वडिलांना हे वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "मंग बिल कोनाले लावू?"

२० पैकी १७ दिले.

रावेरी_केळीवाला
सर!! तीन मार्क कशाचे कापले?

तापीकाठ
पोत्यांचा हिशेब करताना तिनं पोत्यात ३० किलो पोटॅशियम धरलं.

रावेरी_केळीवाला
अरे देवा. माझा आकडा उचलला वाटतं पोरीनं.

बरणीतला_केमिस्ट
दुरुस्ती दोनच प्रतिसाद खाली होती!

कळणा
सर, १८ करा. आकडा धाग्यावरचा आहे, चूक दादांची आहे.

तापीकाठ
मार्क भरून गेले. दादांनी तिच्या वर्गाला भरीत खिलवावं, हाच दंड.

रावेरी_केळीवाला
मान्य. पऱ्हाट्या आहेत, वांगी बामणोदहून आणतो. चोवीस पोरं ना? गाय काढणाऱ्या चौघांनाही आणा.